वितळलेल्या बर्फाचा हिशेब

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला आणि आम्ही 'बर्फ' असे उत्तर दिले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटले. युनियनचा माणूस संपाविषयी बोलेल, मजुरीविषयी बोलेल, फार तर १९६९ च्या माथाडी कायद्याचा इतिहास सांगेल, अशी त्यांची समजूत. ती चुकीची होती असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही बर्फाकडे वळलो ते मजुरीच्याच वाटेने. म्हणून आरंभी ती वाट सांगतो, आणि मग आपणा सर्वांना घेऊन ग्लासगो, बोस्टन, मुंबई असा फेरफटका करून पुन्हा यवतमाळात येतो.

गोष्ट १९९४ च्या उन्हाळ्यातली. वैशाखातले यवतमाळ कसे तापते हे येथे कोणाला सांगायला नको. गावाबाहेरच्या एका बर्फ कारखान्यातून हातगाडीवाले बर्फाच्या लाद्या गावात आणीत. कोणी रसवंतीवर टाकी, कोणी लग्नाच्या मांडवात. कारखान्याच्या दारात लादीचे वजन होई, आणि जेथे ती उतरे तेथे पुन्हा होई. शेकडा पाचपेक्षा जास्त घट आली, की तेवढ्या बर्फाची किंमत गाडीवाल्याच्या मजुरीतून कापीत. कापण्याचे कारण वहीत लिहिलेले असे : 'निष्काळजीपणा'. एका संध्याकाळी त्यांतला एक गाडीवाला आमच्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, म्या बर्फ खाल्ला नाही, इकला नाही. पानी झालं त्याचे पैसे आमी कायले भरावं?"

आम्हांला उत्तर देता येईना. अन्याय होतो आहे एवढे कळत होते. पण मुनीमजींसमोर नुसता संताप चालत नाही, तेथे आकडा लागतो, आणि आकडा आमच्याजवळ नव्हता. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे सारे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कंदिलाखाली झाले. तेव्हा आम्ही विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या एका गुरुजींचे दार ठोठावले. गुरुजींनी व्याख्यान दिले नाही. त्यांनी पातेल्यात फोडलेला बर्फ घातला, त्यात थर्मामीटर उभा केला, खाली स्टोव्ह पेटवला आणि म्हणाले, "बघत बसा."

आम्ही बघत बसलो. स्टोव्ह फरफरत होता, रॉकेल जळत होते, बर्फाचे पाणी होत होते. पण पारा शून्यावरून हलेना. शेवटचा तुकडा विरघळला, आणि मग मात्र पारा भराभर चढू लागला. आम्ही विचारले, "गुरुजी, इतका वेळ जी उष्णता दिली ती गेली कुठे?" गुरुजी हसले. "हाच प्रश्न सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने विचारला होता," ते म्हणाले.

तो माणूस म्हणजे जोसेफ ब्लॅक, स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठाचा अध्यापक. त्याच्या काळापर्यंत विद्वानांची समजूत अशी होती, की बर्फ शून्यावर आला म्हणजे त्याला जराशी उष्णता दिली की त्याचे पाणी होते. ब्लॅकने साध्या अनुभवावरून शंका काढली. तसे असते, तर थंड प्रदेशात वसंत ऋतूचे पहिले ऊन पडताच डोंगरावरचा सगळा बर्फ एकदम पाणी होऊन खाली आला असता आणि दरवर्षी गावेच्या गावे वाहून गेली असती. प्रत्यक्षात बर्फ आठवडेच्या आठवडे सावकाश वितळत राहतो. अर्थात त्याला उष्णता फार लागत असली पाहिजे.

किती लागते हे मोजण्यासाठी त्याने केलेला प्रयोग इतका साधा आहे, की आपल्या कोणत्याही शाळेत करता येईल. काचेची दोन सारखी भांडी घेतली. दोहोंत सारखेच पाणी. एकातले गोठवून बर्फ केला, दुसऱ्यातले नुसते थंड करून ३३ अंश फॅरनहाइटवर आणले. (या मापात बर्फ ३२ अंशांवर वितळतो.) दोन्ही भांडी ४७ अंशांच्या एका मोठ्या दालनात टांगून ठेवली. थंड पाणी अर्ध्या तासात ४० अंशांवर आले, म्हणजे ७ अंश चढले. बर्फाच्या भांड्याला त्याच ४० अंशांवर यायला साडेदहा तास लागले. साडेदहा तास म्हणजे २१ अर्धे तास. दालनातली हवा दोन्ही भांड्यांना सारखीच उष्णता देत होती असे धरले, तर बर्फाला मिळालेली उष्णता २१ गुणिले ७, म्हणजे १४७ अंशांची. त्यांतले ८ अंश वितळलेले पाणी ३२ वरून ४० वर नेण्यात गेले. उरले १३९. हे १३९ अंश पाऱ्याने कधी दाखवलेच नाहीत. ते बर्फाचे पाणी करण्यात खर्च झाले.

ब्लॅकने या उष्णतेला जे नाव दिले त्याचे मराठी 'सुप्त उष्णता'. आजच्या पाठ्यपुस्तकांत तिला 'अप्रकट उष्मा' म्हणतात. २३ एप्रिल १७६२ रोजी त्याने हा शोध ग्लासगोतील जाणत्या मंडळींच्या सभेत वाचून दाखवला. छापला मात्र नाही. वर्गात तो शिकवीत राहिला, आणि त्याची व्याख्याने पुस्तकरूपाने आली ती त्याच्या मृत्यूनंतर, १८०३ मध्ये. आपण त्याचे १३९ अंश सेल्सिअसच्या मापात आणले तर ७७ होतात. आज सूक्ष्म उपकरणांनी काढलेला आकडा ८० च्या जवळ आहे. दोन भांडी, एक घड्याळ आणि एक थर्मामीटर एवढ्यावर तो माणूस सत्याच्या किती जवळ पोचला होता, हे पाहून आमच्यासारख्या नववी शिकलेल्याला धीर येतो.

आता हिशेबाची रीत सांगतो, कारण ती आली म्हणजे पुढचा इतिहास आपोआप उलगडतो. १ किलो पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला जी उष्णता लागते ती १ किलोकॅलरी. बर्फाला त्याच्या निम्मीच, म्हणजे अर्धी किलोकॅलरी पुरते. समजा, कारखान्यातून १ किलो बर्फ शून्याखाली १० अंशांवर निघाला आणि त्याचे ४० अंशांचे पाणी होईपर्यंत उन्हात राहिला. त्याचे तीन टप्पे पडतात. शून्यापर्यंत येताना १० गुणिले अर्धा, म्हणजे ५ किलोकॅलरी. शून्यावरच वितळताना ८०. मग पाणी म्हणून शून्यापासून ४० पर्यंत चढताना ४०. एकूण १२५. यांतला मधला टप्पा सर्वांत मोठा, आणि थर्मामीटरला तोच दिसत नाही. बर्फाचे कण एकमेकांना बांधून बसलेले असतात. ती बांधणी मोडण्यात ही ८० ची रक्कम खर्ची पडते. जो केवळ पाऱ्याकडे पाहून हिशेब मांडील, तो १२५ पैकी ८० विसरेल.

या हिशेबाला माणसाच्या देहापर्यंत आणले ते फ्रान्समधील लाव्हाझिए आणि लाप्लास या दोघांनी. १७८२-८३ च्या हिवाळ्यात त्यांनी बर्फाने वेढलेले एक भांडे तयार केले, त्यात गिनिपिग ठेवला, आणि त्याच्या अंगच्या उबेने किती बर्फ वितळला ते पाणी तोलून काढले. श्वासोच्छ्वास म्हणजे मंद ज्वलनच, हे त्यांनी त्यावरून दाखवले. पुढे लाव्हाझिएने सेगँ या सहकाऱ्यावर प्रयोग करून स्वस्थ बसलेल्या आणि वजन उचलणाऱ्या माणसाचा श्वास मोजला. श्रम करणाऱ्याच्या शरीरात जास्त ज्वलन होते, त्याला अन्न जास्त लागते, आणि समाजात त्याच्याच ताटात ते कमी पडते, ही गोष्ट त्याने १७८९ च्या शोधनिबंधात नोंदवून ठेवली आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर शंभर ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत सुमारे साडेतीनशे किलोकॅलरी असतात. ८० ने भागा : एका भाकरीची उष्णता म्हणजे चार किलोंहून थोडा अधिक वितळलेला बर्फ.

आता बर्फाच्या व्यापाराकडे वळू. हिंदुस्थानात बर्फ अगदी अपरिचित होता असे नाही. अकबराच्या दरबारात हिमालयातला बर्फ येई, आणि पाणी गार करायला सोऱ्याचा उपयोग होई. बंगाल्यात हुगळीकाठी हिवाळ्याच्या रात्री उथळ मातीच्या भांड्यांत पाणी ठेवून पातळ पापुद्रे धरीत. पण दाट, स्वच्छ बर्फाच्या लाद्या आल्या त्या अमेरिकेतून. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने १८०६ मध्ये वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटावर पहिला बर्फ पाठवला, तेव्हा गावाने त्याला वेड्यात काढले. पुढे १८३३ च्या मे महिन्यात 'टस्कनी' नावाचे त्याचे जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्यास निघाले. दोनदा विषुववृत्त ओलांडून, चार महिन्यांनी, सप्टेंबरात ते गंगेच्या मुखाशी पोचले, तेव्हा त्यात सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता.

श्रोत्यांनी येथे क्षणभर थांबावे. चार महिन्यांत, उष्ण कटिबंधातून, ८० टनच घट! आमच्या गावातल्या हातगाडीवर तासाभरात जे होई, त्याच्याशी हे ताडून पाहा. याचे रहस्य काय? रहस्य म्हणजे लाकडाचा भुसा. न्यू इंग्लंडच्या आरागिरण्यांत भुशाचे ढीग फुकट पडून असत. ट्यूडरने तो बर्फाभोवती ठासून भरला. भुशात अडकलेली हवा उष्णतेला आत येऊ देत नाही. दुसरी युक्ती त्याच्या नॅथॅनिएल वायेथ या साथीदाराची. त्याने १८२५ च्या सुमारास घोड्याने ओढायचा बर्फाचा नांगर तयार केला. त्यामुळे तळ्यावरचा बर्फ सारख्या चौकोनी ठोकळ्यांत कापता येऊ लागला. ठोकळे एकमेकांना घट्ट भिडवून रचले की फटी राहत नाहीत, आणि बर्फ वितळतो तो उघड्या पृष्ठभागावरूनच.

हिशेब मांडू. ८० टन म्हणजे ढोबळ ८०,००० किलो. गुणिले ८०, म्हणजे ६४ लाख किलोकॅलरी. १२० दिवसांत वाटले तर दिवसाला सुमारे ५३,००० आणि तासाला सुमारे २,२०० किलोकॅलरी. एवढीच उष्णता त्या जहाजाच्या पोटात शिरत होती. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढे तो एका ओळखीच्या ठिकाणी पुन्हा भेटणार आहे.

मुंबईला अमेरिकन बर्फ पोचला तो १८३४ मध्ये. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. जमशेटजी जिजीभाई यांनी एका मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिले, आणि यजमान व पाहुणे सर्दीने बेजार झाल्याचे वृत्त 'मुंबई समाचार'ने छापले. परदेशी पदार्थाची ही शिक्षा, असा त्या वृत्ताचा सूर होता! फोर्टात गोदीजवळ मुंबईचे बर्फघर उभे राहिले; ते आज नाही. मद्रासचे १८४२ चे बर्फघर मात्र उभे आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तेथे उतरले होते आणि आज ती वास्तू त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

हा बर्फ कोणी कापला? व्यापाराच्या इतिहासात ट्यूडरला 'बर्फाचा राजा' म्हणतात. मजुरांची नावे सापडत नाहीत. पण १८४६-४७ च्या हिवाळ्यात वॉल्डन तळ्याकाठी हेन्री थोरो नावाचा लेखक झोपडीत राहत होता, त्यामुळे थोडी नोंद राहिली. शंभरेक आयरिश मजूर रोज येत आणि तळ्याचा बर्फ कापीत. आयर्लंडमध्ये त्या वर्षी बटाट्याच्या रोगाने दुष्काळ पडला होता. त्यांतला एक मजूर बर्फाच्या भेगेतून खाली घसरला आणि थोरोच्या शेगडीपाशी बसून त्याने अंगात ऊब आणली. कलकत्त्याच्या साहेबाच्या पेल्यातील बर्फाच्या खड्यामागे ही अशी माणसे होती. थोरोलाही तेव्हा आपल्या तळ्याचे पाणी गंगेच्या देशात जाते याचे नवल वाटले होते.

हा व्यापार पुढे यंत्रांनी बुडवला. १८७८ मध्ये कलकत्त्यात बंगाल आइस कंपनी निघाली, आणि थोड्याच वर्षांत बोस्टनचा बर्फ येणे थांबले. यंत्राचे तत्त्वही सुप्त उष्णतेचेच आहे. द्रवरूप अमोनियाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो. त्यामुळे मिठाचे पाणी शून्याखाली थंड होते, आणि त्यात बुडवलेल्या डब्यांतले गोडे पाणी गोठते. उन्हाळ्यातले ३५ अंशांचे १ किलो पाणी घ्या. शून्यावर आणताना ३५, गोठवताना ८०, आणखी ८ अंश खाली नेताना ४. एकूण ११९ किलोकॅलरी बाहेर काढाव्या लागतात. वितळण्याचा हिशेब तो हाच, फक्त उलट्या दिशेने. आणि ते यंत्र जी वीज खाते, तिच्यामागे कोळसा असतो. आमच्याच जिल्ह्यात, वणीच्या खाणींत, तो काढणारे हात आहेत.

आता तो ओळखीचा आकडा. आपण दुकानात वातानुकूलन यंत्र घ्यायला जातो. दुकानदार विचारतो, "एक टनाचे देऊ की दीड टनाचे?" पुष्कळांना वाटते हे यंत्राचे वजन. तसे नाही. २००० पौंडांचा एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता घेतो, तेवढी जे यंत्र काढून टाकते ते एक टनाचे. २००० पौंड म्हणजे ९०७ किलो. गुणिले ८०, भागिले २४ : तासाला सुमारे ३,००० किलोकॅलरी. 'टस्कनी'च्या पोटात शिरणारी उष्णता तासाला २,२०० होती! म्हणजे ते अख्खे जहाज आजच्या एक टनाच्या यंत्राला पाऊण भागाचेच काम देत होते. बर्फाचा व्यापार गेला, बर्फघरे गेली. माप मात्र आपल्या भिंतीवर लटकते आहे.

असो. आता पुन्हा १९९४ च्या यवतमाळात येऊ.

गुरुजींकडून रीत शिकून आम्ही मुनीमजींकडे गेलो आणि एकच मागणी केली : आपल्यासमोर वजन करू या. भर दुपारी शंभर-शंभर किलोंच्या दोन लाद्या दोन हातगाड्यांवर ठेवल्या. एक रोजच्यासारखी उघडी. दुसरी भुशात बसवून वर गोणपाटाने झाकलेली. तासाभराने काट्यावर उघडी लादी पंधरा किलोंनी उतरली, झाकलेली चार किलोंनी. आम्ही पाटीवर खडूने लिहिले : १५ गुणिले ८०, बरोबर १२०० किलोकॅलरी. "मुनीमजी," आम्ही म्हणालो, "ही उष्णता सूर्याने आणि हवेने दिली. गाडीवाल्याने दिली म्हणावे, तर त्याच्या साडेतीन भाकरी या लादीत गेल्या असे होईल. पूर्वी कारखाना भुसा देत असे. तो कोणी बंद केला?" भुसा कारखान्याने काटकसर म्हणून बंद केला होता. निष्काळजीपणा कोणाचा, हे काट्याने सांगितले.

त्याच पाटीवर आम्ही दुसरा हिशेब मांडला, आणि आज तो आम्हांला पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो. साठ किलोंच्या माणसाचे अंग १ अंशाने तापायला सुमारे ५० किलोकॅलरी पुरतात. हातगाडी ओढणाऱ्याच्या अंगात तासाला ३०० किलोकॅलरी सहज निर्माण होतात. वर ऊन वेगळे. ही उष्णता बाहेर पडलीच नाही तर तासाभरात अंग ६ अंशांनी चढेल, म्हणजे माणूस जगणार नाही. त्याला वाचवतो तो घाम. १ लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो, वितळणाऱ्या बर्फाच्या सातपट. आपला माठही याच न्यायाने पाणी गार करतो. पण घामाला पाणी लागते. ज्याच्या गाडीवर शंभर किलो बर्फ होता, त्याला वाटेत प्यायला पाण्याची सोय नव्हती! पाणी नाही मिळाले की घाम आटतो, आणि यालाच आपण ऊन लागणे म्हणतो. आमच्या ओळखीतले दोन गाडीवाले त्याआधीच्या उन्हाळ्यात असेच गेले होते. वहीत त्यांची घट कोणी लिहिली नव्हती.

शेवटी काय झाले, ते आहे तसे सांगतो. घटीची कपात बंद झाली. भुसा आणि गोणपाट कारखान्याने द्यायचे ठरले. वाटेत दोन ठिकाणी पाण्याचे माठ बसले. दुपारी बारा ते चार गाड्या बंद ठेवण्याची मागणी मात्र त्या वर्षी मान्य झाली नाही. ती पुढच्या उन्हाळ्यात, एक दिवस काम थांबवल्यावर झाली. आधी कापलेले पैसे परत मिळाले नाहीत. ज्याने आम्हांला पहिला प्रश्न विचारला, त्याला आम्ही ८० चा आकडा समजावून सांगितला तेव्हा तो बराच वेळ बोटांवर मोजत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे भाऊ, दिसत नाही थेच जास्त हाय." ब्लॅकने साडेदहा तास बसून जे काढले, ते याहून थोडक्यात आम्हांला आजवर सांगता आलेले नाही.

आपल्या गावात आज बर्फ पूर्वीपेक्षा कमी हातगाड्यांवरून येतो, पण उन्हात काम करणारी माणसे कमी झालेली नाहीत. बांधकामावर, मालधक्क्यावर, कापसाच्या गंजीवर, दारोदार सामान पोचवणाऱ्या मोटारसायकलींवर ती आहेत. आपल्या दाराशी असा कोणी आला, तर तांब्याभर पाणी पुढे करावे, आणि तो कोणत्या वेळी उन्हात असतो, किती तास असतो, हे त्याला विचारावे. हिशेबाची सुरुवात तेथूनच होते. एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.